पानाचा आकार आणि सत्तेचा प्रश्न

विकेंद्रीकरण हा शब्द समाजवादी चळवळीला नवा नाही. गांधीजींनी ग्रामस्वराज्याच्या रूपाने त्याचा आग्रह धरला, डॉ. राममनोहर लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवर उभ्या राहणाऱ्या राज्याची कल्पना मांडली, आणि जयप्रकाशांनी राज्यसत्तेवर लोकसत्तेचा अंकुश हवा असे सांगितले. आज मात्र हा शब्द सर्वांत मोठ्याने ऐकू येतो तो बिटकॉइनसारख्या कूटचलनांच्या बाजारात. बँक नको, सरकार नको, मध्यस्थ नको; गणित आणि संगणकांचे जाळे यांवर पैसा चालेल आणि सत्ता आपोआप सर्वांमध्ये वाटली जाईल, असे तेथे सांगितले जाते. आपल्या तरुण कार्यकर्त्यांच्याही कानी हे पडते, आणि त्यांतील काहींना त्यात तथ्य वाटते. त्यांना ‘हा सारा सट्टा आहे’ एवढे सांगून गप्प करणे सोपे आहे. सट्टा तर तो आहेच. परंतु सत्तेच्या वाटपाविषयी कोणी दावा करीत असेल तर तो तपासणे हे आपले काम आहे. अशा तपासणीसाठी एक चांगली कसोटी उपलब्ध आहे. ती म्हणजे २०१५ ते २०१७ या काळात बिटकॉइनच्या जाळ्यात ‘ब्लॉक’च्या आकारमर्यादेवरून झालेला वाद.

प्रथम यंत्रणा समजून घेऊ. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन वित्तसंस्था बुडून दीड महिना होतो न होतो तोच, ऑक्टोबर २००८ च्या अखेरीस, सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध झाला. बँकेच्या मध्यस्थीशिवाय दोन व्यक्तींना परस्परांस पैसे देता येतील अशी योजना त्यात होती. जानेवारी २००९ मध्ये ती प्रत्यक्षात आली. तिचा गाभा म्हणजे एक सार्वजनिक खातेवही. कोणी कोणास किती दिले याची नोंद तीत होते आणि तिची पूर्ण प्रत जगातील कोणीही आपल्या संगणकावर ठेवू शकतो. अशा संगणकास नोड म्हणतात. तो प्रत्येक नोंद स्वतः तपासतो आणि नियमाबाहेरची नोंद नाकारतो. या वहीला साधारणतः दर दहा मिनिटांनी एक नवे पान जोडले जाते. हे पान म्हणजे ब्लॉक. ते जोडण्याचा अधिकार कोणाला, हे स्पर्धेने ठरते. असंख्य आकडे घालून पाहत एक गणिती कोडे ज्याच्या यंत्राला प्रथम सुटेल त्याचे पान लागते. नवी नाणी आणि नोंदींचे शुल्क त्याला मिळते. या उद्योगाला मायनिंग, म्हणजे खाणकाम, असे नाव पडले आहे. ज्याच्याजवळ यंत्रे आणि स्वस्त वीज अधिक, त्याला पान मिळण्याची शक्यताही त्याच प्रमाणात अधिक.

२०१० साली सातोशीनेच एका पानाचा आकार एक मेगाबाइटपेक्षा मोठा असू नये असा नियम आज्ञावलीत घातला. कोणी निरर्थक नोंदींचा भडिमार करून वही फुगवू नये, हा त्यामागील हेतू असावा असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या वेळी पाने जवळजवळ कोरीच असत. त्याच वर्षी ऑक्टोबरात जेफ गार्झिक या प्रोग्रामरने ही मर्यादा वाढविण्याचा विषय काढला, तेव्हा गरज पडल्यास पुढील एखाद्या ठरावीक पानापासून मोठी मर्यादा लागू करता येईल, असे उत्तर सातोशीने दिले. २०११ मध्ये हा संस्थापक पूर्णपणे पडद्याआड गेला. त्याने घातलेला नियम मागे राहिला. तो बदलावयाचा झाल्यास कोणी, कोणत्या बहुमताने आणि कोणत्या पद्धतीने बदलावा, हे मात्र कोठेही लिहिलेले नव्हते.

वापर वाढला तसा प्रश्न उभा राहिला. एक मेगाबाइटच्या पानात दोन-तीन हजार नोंदी मावतात. म्हणजे साऱ्या जगासाठी सेकंदाला फार तर सात व्यवहार, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. आपल्याकडील यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात सुमारे २००० कोटी व्यवहार झाले. सेकंदाला सात या गतीने बिटकॉइनचे जाळे महिनाभर अखंड चालले तरी ही संख्या दोन कोटींच्या आतच राहते. जागा मर्यादित आणि मागणी वाढती असली की काय होते हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. जो जास्त शुल्क देईल त्याची नोंद आधी लागते. डिसेंबर २०१७ मध्ये एका व्यवहाराचे सरासरी शुल्क ५० डॉलरच्याही पुढे गेले. ज्याला दहा डॉलर पाठवावयाचे होते त्याच्यासाठी ते दार बंद झाले.

मोठ्या पानांची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे यातूनच आले होते. सातोशीनंतर आज्ञावलीची धुरा वाहणारे गॅव्हिन आंद्रेसन आणि पूर्वी गूगलमध्ये काम केलेले माइक हर्न हे त्यांचे प्रमुख प्रवक्ते. हे चलन सामान्य माणसाच्या दैनंदिन व्यवहारासाठी निर्माण झाले. त्यात सामान्य माणसालाच जागा नसेल तर ते श्रीमंतांची तिजोरी होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. ऑगस्ट २०१५ मध्ये या दोघांनी ‘बिटकॉइन एक्सटी’ नावाची पर्यायी आज्ञावली पुढे आणली. पानाची मर्यादा आधी आठ मेगाबाइट करावी आणि पुढे दर दोन वर्षांनी ती दुप्पट करीत न्यावी, अशी तिच्यातील योजना होती.

लहान पानांच्या बाजूला ग्रेगरी मॅक्सवेल, पीटर वुइले यांच्यासारखे मुख्य आज्ञावलीवर काम करणारे प्रोग्रामर होते. त्यांचे म्हणणे असे की, एक मेगाबाइटच्या पानांनी वही दिवसाला सुमारे १४४ मेगाबाइट आणि वर्षाला सुमारे ५२ गिगाबाइट वाढते. हे ओझे घरातील साधा संगणक पेलू शकतो. पाने वीस मेगाबाइटची झाली तर वर्षाला हजार गिगाबाइटहून अधिक भर पडेल. दुप्पट-दुप्पट करीत पाने हजारो मेगाबाइटची झाली, तर वहीची पूर्ण प्रत ठेवणे आणि तपासणे हे केवळ मोठमोठ्या कंपन्यांच्या संगणकगृहांनाच शक्य होईल. मग इतरांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा. असे झाले तर ज्या बँकांपासून सुटका करून घ्यावयाची होती, त्यांचेच नवे अवतार तयार होतील. म्हणून मूळ वही लहान ठेवावी, आणि किरकोळ व्यवहार तिच्याबाहेर, तिच्यावर रचलेल्या दुसऱ्या थरात करावेत, असा त्यांचा आग्रह होता.

वाचकांच्या लक्षात येईल की या दोन्ही बाजू ‘विकेंद्रीकरण’ हाच शब्द उच्चारीत होत्या. एका बाजूच्या लेखी विकेंद्रीकरण म्हणजे व्यवहार करण्याची सर्वांना मुभा. दुसऱ्या बाजूच्या लेखी हिशेब तपासण्याची सर्वांना मुभा. दोहोंचे म्हणणे आपापल्या जागी खरे होते आणि एकाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागत होती. अशा प्रश्नाचे उत्तर गणितातून निघत नाही. कोणाच्या गरजेला अग्रक्रम द्यावयाचा हे ठरवावे लागते, आणि हे ठरविणे म्हणजेच राजकारण. राजकारण हद्दपार केल्याची ग्वाही देणाऱ्या व्यवस्थेच्या दारात ते असे हजर झाले.

ठरवावयाचे कोणी, या मुद्द्यावर खरी झुंज लागली. मतदार कोण, हेच या जाळ्याला माहीत नव्हते. माणसे ओळखण्याची सोय त्यात मुद्दामच ठेवलेली नाही. नोड मोजावेत, तर एकच माणूस शंभर नोड उभे करू शकतो. म्हणून मूळ निबंधात संगणकाची प्रक्रियाशक्ती हेच मतदानाचे माप मानले होते. घरोघरचे संगणक ही शक्ती पुरवतील, अशी त्यामागील कल्पना. प्रत्यक्षात २०१३ पासून केवळ याच कामासाठी बनविलेल्या विशेष यंत्रांनी साधे संगणक स्पर्धेतून बाद केले. खाणकाम हा भांडवलप्रधान उद्योग झाला. खाणवाल्यांचे संघ, म्हणजे पूल, तयार झाले. २०१४ च्या उन्हाळ्यात त्यांपैकी जीहॅश या एकाच पूलचा वाटा निम्म्याच्या घरात पोहोचला आणि सगळीकडे घबराट उडाली. डिसेंबर २०१५ मध्ये हाँगकाँग येथे झालेल्या परिषदेत एकाच व्यासपीठावर ओळीने बसलेल्या मोजक्या माणसांच्या हाती जाळ्याची बहुतांश शक्ती एकवटलेली होती. साऱ्या जगात विखुरलेली म्हणून गाजविलेली सत्ता एका दिवाणखान्यात मावत होती.

वादाची हत्यारेही लक्षात घेण्यासारखी आहेत. एक्सटी चालविणाऱ्या संगणकांवर बनावट विनंत्यांचा मारा करून ते बंद पाडण्यात आले. चर्चेच्या प्रमुख व्यासपीठांवर त्या आज्ञावलीचा प्रचार करण्यास मनाई झाली, कारण व्यासपीठांची मालकी वा व्यवस्था एका बाजूच्या लोकांकडे होती. मुख्य प्रोग्रामरांपैकी काही जण ब्लॉकस्ट्रीम या खासगी कंपनीशी संबंधित असल्याने त्यांच्या मतांमागे धंद्याचे हितसंबंध आहेत, असा आरोप दुसऱ्या बाजूने केला. जानेवारी २०१६ मध्ये हर्न यांनी हा प्रयोग फसल्याचे जाहीर केले आणि ते बाहेर पडले. वृत्तपत्राची मालकी, कारखान्याची मालकी आणि तज्ज्ञांची बांधिलकी हे आपले जुने प्रश्न येथे नव्या पोशाखात उभे होते. नवलाची गोष्ट एवढीच की ते सोडविण्यासाठी ना घटना होती, ना निवडणूक, ना न्यायासन.

मे २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे एक करार जाहीर झाला. २२ देशांतील ५८ कंपन्यांचा त्याला पाठिंबा होता आणि जाळ्याच्या खाणशक्तीपैकी ८० टक्क्यांहून अधिक शक्ती त्यांच्यामागे असल्याचे सांगण्यात आले. सह्यांची नोंद वेगळी ठेवून पानात अधिक जागा करून देणारी ‘सेगविट’ नावाची सुधारणा आधी स्वीकारावी आणि नंतर मर्यादा दोन मेगाबाइट करावी, अशी ही तडजोड होती. तडजोड म्हणून ती वाईट नव्हती. परंतु ती बंद दाराआड, उद्योगपतींमध्ये झाली होती. तिच्या आधीच काही सामान्य वापरकर्त्यांनी वेगळा मार्ग धरला होता. १ ऑगस्ट २०१७ पासून सेगविटला संमती न दर्शविणारी पाने आमचे नोड स्वीकारणार नाहीत, असे त्यांनी जाहीर केले. हे लोक अल्पसंख्य होते. जुलैत खाणवाल्यांनी सेगविटला संमती दिली आणि २४ ऑगस्ट रोजी ती लागू झाली. हे वापरकर्त्यांच्या इशाऱ्यामुळे झाले की न्यूयॉर्क करारामुळे, याबद्दल आजही दोन मते आहेत. मात्र कराराचा दुसरा भाग, म्हणजे दोन मेगाबाइटची मर्यादा, ८ नोव्हेंबर २०१७ रोजी पुरेशी सहमती नसल्याचे सांगून त्याच्या पुरस्कर्त्यांनी स्वतःच मागे घेतला. ज्यांच्या हाती बहुतांश यंत्रे होती त्यांना, आपण जोडलेली पाने लोक नाकारतील आणि आपली नाणी बाजारात कोणी घेणार नाही, या भीतीने माघार घ्यावी लागली.

या घटनेचे महत्त्व आपण कमी लेखू नये. हिशेब स्वतः तपासण्याची ज्याची कुवत आहे, त्याच्या नकारात बळ असते. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून भरविलेल्या जनसुनवायांमध्ये हजेरीपट आणि बिले गावासमोर वाचली गेली, तेव्हाही हेच दिसले. कागद तालुक्याच्या कपाटात असतात तोवर खोटी मजुरी खपते. ते चावडीवर येताच ती खपेनाशी होते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याची मुळे तेथे आहेत. वही एवढीच मोठी असावी की ती सामान्य माणसाला तपासता येईल, हा लहान पानांच्या बाजूचा आग्रह म्हणूनच लोकशाहीच्या दृष्टीने मोलाचा आहे. हिशेब देणाऱ्याच्या सोयीपेक्षा तो तपासणाऱ्याची कुवत त्यांनी मोठी मानली.

परंतु जिंकलेल्या बाजूने पुढे काय मिळवले, हेही पाहिले पाहिजे. १ ऑगस्ट २०१७ रोजीच मोठ्या पानांचे समर्थक वेगळे झाले आणि त्यांनी आठ मेगाबाइट पानांचे ‘बिटकॉइन कॅश’ सुरू केले. २०१८ मध्ये त्यांनी ही मर्यादा ३२ मेगाबाइट केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्यातही फूट पडून ‘बिटकॉइन एसव्ही’ हा तिसरा फाटा निघाला. जागा मुबलक झाली, पण ती भरण्याइतके लोक आले नाहीत. पाने बहुतांशी रिकामीच राहिली. केवळ क्षमता वाढविल्याने पैसा लोकांचा होत नाही, हे यावरून दिसले. उलट, मूळ बिटकॉइनमध्ये तपासणीचा अधिकार शाबूत राहिला, पण वापर दैनंदिन जीवनापासून दूर गेला. एल साल्वाडोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. तेथील नागरिकांना ते देण्यात आले ते ‘चिवो’ या सरकारपुरस्कृत पाकिटातून; म्हणजे वही तपासण्याचा प्रश्नच आला नाही, मध्यस्थावरच विश्वास ठेवावयाचा होता. जानेवारी २०२५ मध्ये, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी झालेल्या समझोत्यानंतर, ते स्वीकारण्याची सक्ती कायद्यातून काढून टाकण्यात आली. इकडे अमेरिकेत जानेवारी २०२४ पासून बिटकॉइनवर आधारित फंडांना परवानगी मिळाली आणि ब्लॅकरॉकसारख्या महाकाय वित्तसंस्था लक्षावधी गुंतवणूकदारांच्या वतीने ही नाणी बाळगू लागल्या. मध्यस्थाच्या निर्मूलनासाठी निघालेले चलन शेवटी जगातील बड्या मध्यस्थांच्या हाती जाऊन पोहोचले.

याचे कारण माझ्या मते स्पष्ट आहे. पानाचा आकार किती असावा यावर दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे रक्त आटविले. पण पान लिहिणाऱ्या यंत्रांची मालकी कोणाची, आणि नाण्यांचे वाटप कसे झाले आहे, हे प्रश्न कोणीही ऐरणीवर घेतले नाहीत. २०२१ मध्ये चीनने खाणकामावर बंदी घातली तेव्हा उद्योगाचा मोठा हिस्सा अमेरिकेत आणि इतर देशांत गेला. यंत्रांचा पत्ता बदलला, मालकीचे स्वरूप तेच राहिले. २०२३-२४ मध्ये अनेकदा दोनच पूल मिळून निम्म्याहून अधिक पाने लिहीत होते. ज्या व्यवस्थेत मताचे वजन भांडवलावर ठरते ती भागधारकांची कंपनी होय, मग तिची यंत्रे शंभर देशांत विखुरलेली का असेनात. सहकारी संस्थेत ज्याचे शंभर भाग आहेत त्यालाही एकच मत असते. आपल्या सहकाराचे पुढाऱ्यांनी काय केले हे आपण सारे जाणतो. तरीही ते तत्त्व तेथे लिहिलेले असल्यामुळे त्याच्या नावाने भांडता तरी येते. बिटकॉइनमध्ये ते तत्त्व लिहिलेलेच नाही, कारण माणूस हे एकक त्याला ठाऊक नाही.

तेव्हा कोणी विकेंद्रीकरणाचे आश्वासन दिले, की तीन प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत. उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची? हिशेब तपासता कोणाला येतो? आणि नियम बदलण्याचा अधिकार कोणाला? पानाच्या आकाराच्या वादात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चांगले निघाले, तिसऱ्याचे अपघाताने निघाले, आणि पहिला विचारलाच गेला नाही. तिन्ही उत्तरे एकत्र नसतील तर एका ठिकाणी वाटलेली सत्ता दुसऱ्या ठिकाणी पुन्हा गोळा होते.

हे प्रश्न आपल्यापासून दूर नाहीत. आज भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सारे यूपीआयने पैसे घेतात. ही व्यवस्था क्षमतेच्या बाबतीत बिटकॉइनच्या कित्येक पटींनी पुढे आहे आणि गरिबाला ती आज फुकट मिळते, ही तिची थोरवी मान्य केली पाहिजे. पण तिच्यावरील ऐंशी टक्क्यांहून अधिक व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच अॅपमधून होत आले आहेत, आणि त्या दोहोंची मालकी अमेरिकन कंपन्यांकडे आहे. कोणत्याही एका अॅपचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक असू नये, असा नियम नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने नोव्हेंबर २०२० मध्ये केला. त्याच्या अंमलबजावणीची मुदत पुढे ढकलत डिसेंबर २०२४ मध्ये ती २०२६ च्या अखेरपर्यंत नेण्यात आली. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सर्वसामान्यांसाठी ई-रुपयाचा प्रयोग सुरू केला. त्याची वही कोणाला पाहता येणार, नागरिकाच्या खासगी व्यवहाराला कोणते संरक्षण मिळणार, आणि त्याचे नियम संसदेत चर्चेला येणार की परिपत्रकाने ठरणार, हे प्रश्न कोणत्याही पक्षाच्या जाहीर सभेत विचारले जात नाहीत.

ते आपण विचारले पाहिजेत. अॅपांवरील मर्यादेचा नियम पुन्हा मुदतवाढ न देता अमलात यावा, सहकारी आणि सार्वजनिक बँकांची अॅप त्या जागी उभी राहावीत, देयकव्यवस्थेच्या कारभाराचा लेखाजोखा दरवर्षी संसदेपुढे यावा आणि त्यावर स्वतंत्र तपासणी व्हावी, या मागण्या आपल्या कार्यक्रमपत्रिकेत असावयास हव्यात. कूटचलनाच्या नादाने निघालेल्या तरुणाशी बोलताना त्याच्या संशयाची टिंगल करू नये. बँका आणि सरकारे यांवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. त्याला एवढेच विचारावे, की तुझ्या नव्या वहीत तुझे मत किती वजनाचे आहे, आणि ते वजन कशाने मोजले जाते? या प्रश्नाचे उत्तर त्याने प्रामाणिकपणे शोधले, तर तो आपल्या सभेला येईल. आपण मात्र त्या सभेत सांगण्याजोगे उत्तर तयार ठेवले पाहिजे.